बातमी किती वाजता सुरू होते?

इंटर्नशिपचा दुसरा आठवडा. रात्रीचे सव्वानऊ वाजलेले, पान सुटायची घाई. डेस्कवरच्या सरांनी पोलिसांची प्रेसनोट मला व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड केली आणि म्हणाले, "सिंगल कॉलम कर, पाच-सहा ओळी. समाजाचं नाव कुठं घ्यायचं नाही, 'दोन गट' लिही." मी लिहिलं. जिल्ह्यातल्या एका गावात सायंकाळी सातच्या सुमारास दोन गटांत वाद होऊन दगडफेक झाली, अमुक गल्लीतल्या जमावाने पोलिसांच्या गाडीवर दगड मारले, पोलिसांना सौम्य लाठीमार करावा लागला, सध्या गावात तणावपूर्ण शांतता आहे. 'तणावपूर्ण शांतता' टाईप करताना तर आपण आता खरोखर पत्रकार झालो असं वाटलं होतं. (गावाचं नाव इथं मुद्दाम देत नाहीये.)

दुसऱ्या दिवशी सकाळी बार्शीच्या स्टँडवर गाडीची वाट बघत होते, तेवढ्यात एका मैत्रिणीचा मेसेज आला. पदवीला तीन वर्षं आम्ही एका बाकावर बसलो. ती त्याच गावची, त्याच गल्लीतली.

"हे तू लिहिलंस का?"

मी हो म्हटलं. बराच वेळ काही नाही. मग आलं, "आमचं दुकान सकाळी अकराला फोडलं. ते कुठाय?"

तिच्या वडिलांचं पंक्चर काढायचं दुकान आहे. सकाळी काही पोरं आली, दुकान फोडून गेली. वडील तक्रार द्यायला गेले, त्यांना "बघू, दुपारनंतर या" म्हणून परत पाठवलं. संध्याकाळी गल्लीतली पोरं रस्त्यावर आली. पुढचं सगळं माझ्या बातमीत होतं. सकाळी अकरा ते संध्याकाळी सात, हे आठ तास मात्र नव्हते. मी खोटं काहीच लिहिलं नव्हतं. दगड खरंच मारले होते, गाडीची काच खरंच फुटली होती. फक्त माझं घड्याळ सातला सुरू झालं होतं आणि तिचं अकराला.

'मीडिया बायस्ड आहे' हे वाक्य कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये दिवसातून चार वेळा ऐकू येतं. तुम्हीही म्हणत असाल, मीही म्हणायचे. पण बायस म्हणजे आपल्याला वाटतं खोटी बातमी, विकली गेलेली बातमी. दंगलीच्या बातमीत खोटं बोलायची गरज फार कमी वेळा पडते. गोष्ट कुठून सुरू करायची एवढं ठरवलं, की हल्ला कोणाचा आणि 'प्रत्युत्तर' कोणाचं हे आपोआप ठरून जातं. त्या मेसेजनंतर मी जुन्या दंगलींबद्दल वाचायला घेतलं, आणि प्रत्येक ठिकाणी हेच घड्याळ दिसायला लागलं.

पहिलं सापडलं ते आपल्याच जिल्ह्यात. वैरागमार्गे सोलापूरला गेलात की चार हुतात्म्यांचे पुतळे तुम्ही पाहिलेच असतील. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी दिली. शाळेत आपण नावं पाठ केली, पण त्यांच्यावरचा खटला कसला होता हे किती जणांना आठवतं? मंगळवार पेठ पोलीस चौकीत पोलिसांना मारल्याचा. म्हणजे सरकारी भाषेत चक्क दंगलीचा खटला.

मे १९३०. गांधीजींना ५ मे ला अटक झाली आणि गिरणगाव असलेलं सोलापूर बंद झालं. ८ मे ला लोक शिंदीची झाडं तोडायला निघाले, धरपकड झाली, पोलिसांनी गोळीबार केला, शंकर शिवदारे पडला. त्यानंतर चौकी पेटली. १२ मे पासून ३० जूनपर्यंत शहरात मार्शल लॉ, गांधी टोपी घातली म्हणूनही शिक्षा. इंग्रज सरकारच्या कागदांत या सगळ्याचं नाव 'शोलापूर रायट्स'. तिथली गोष्ट सुरू होते ती जळणाऱ्या चौकीपासून. सोलापूरकरांच्या आठवणीत ती गांधीजींच्या अटकेपासून सुरू होते आणि तिचं नाव असतं 'चार दिवसांचं स्वातंत्र्य'. दोन्हीकडे चौकी तीच, मेलेले पोलीसही तेच. आणि एक गोष्ट मला माहीत नव्हती, ती वाचून मी थबकले. या चौघांतले कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं वर्तमानपत्र चालवायचे. म्हणजे आपल्या धंद्यातलाच माणूस.

'दंगल' हा शब्दच तपासून घ्यावा लागतो. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं, कर्जरोखे बाहेर काढून जाळले. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. सरकारनं चौकशी आयोग नेमला त्याचं नाव 'डेक्कन रायट्स कमिशन'. आजही पुस्तकात 'दख्खनचे दंगे' असंच असतं, काही लेखक त्याला 'उठाव' म्हणतात. कुठला शब्द वाचून आपण मोठे झालो त्यावर त्या शेतकऱ्याचा चेहरा ठरतो.

आणि शब्दाला पैसेही लागलेले असतात बरं का. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात टल्सा शहर आहे. १९२१ च्या ३१ मे आणि १ जूनला तिथल्या गोऱ्या जमावानं ग्रीनवुड हा काळ्या लोकांचा सुखवस्तू भाग जाळून टाकला. आदल्या दुपारच्या 'टल्सा ट्रिब्यून'मध्ये पहिल्या पानावर बातमी होती की लिफ्टमध्ये मुलीवर हल्ला करणाऱ्या निग्रोला पकडलं. (निग्रो हा शब्द त्यांचा.) तो तरुण पुढे सुटला, आरोप टिकला नाही. जे झालं त्याला वर्षानुवर्षं 'रेस रायट', वांशिक दंगल म्हटलं गेलं, आणि विम्याच्या करारात दंगलीचं नुकसान भरून मिळत नसल्यामुळे ग्रीनवुडच्या लोकांना कंपन्यांनी पैसे दिले नाहीत. शंभरी जवळ आल्यावर सरकारी आयोगानंच स्वतःच्या नावातला 'दंगल' शब्द काढून 'हत्याकांड' घातला. त्या वर्तमानपत्राच्या जतन केलेल्या फाईलमधून ती बातमी मात्र कोणीतरी आधीच फाडून नेली होती. वाचनालयात जुन्या अंकात चौकोनी भोक दिसलं की आपण म्हणतो, कोणीतरी पाककृती कापून नेली असेल!

आता मुंबई. १९९२-९३. आपला जन्म झाला नव्हता, पण घरात कोणी ना कोणी त्या दिवसांत मुंबईत असतोच. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या आयोगानं १९९८ मध्ये अहवाल दिला आणि तेव्हाच्या राज्य सरकारनं तो स्वीकारला नाही, एवढं बहुतेकांना ऐकून माहीत असतं. मी त्यात घड्याळ शोधत होते.

डिसेंबरची दंगल कधी सुरू झाली? ६ डिसेंबरला बाबरी पाडल्याची बातमी आल्यावर रात्री मुस्लिम मोहल्ल्यांत लोक रस्त्यावर आले, तिथून? की त्याच दिवशी धारावीत शिवसेनेनं काढलेल्या आनंदाच्या सायकल रॅलीपासून? आयोगानं दोन्हींची नोंद घेतलीय. पण त्या दिवसांतली बातमी पोलीस कंट्रोल रूमवरून यायची, आणि तिथं रॅलीची नोंद 'घटना' म्हणून होत नाही. दगडाची होते.

जानेवारीचं तर अजून गुंतागुंतीचं. डोंगरीच्या गोदामात माथाडी कामगारांचे खून झाले. माथाडी म्हणजे कोण हे बार्शीकरांना सांगायला नको, मार्केट यार्डात ज्वारीची पोती पाठीवर वाहणारी माणसं आपण रोज बघतो. मग जोगेश्वरीत राधाबाई चाळीतलं एक घर बाहेरून कडी लावून पेटवलं गेलं, आत माणसं होती. हे दोन्ही खरं आहे आणि भयंकर आहे. ते पहिल्या पानावर यायलाच हवं होतं. प्रश्न पुढचा आहे. आयोगानं 'सामना' आणि 'नवाकाळ' या दोन दैनिकांचं नाव घेऊन म्हटलं की या घटना फुगवून, भडकवणाऱ्या पद्धतीनं मांडल्या गेल्या आणि ६ जानेवारीपासूनच्या मोठ्या हिंसाचाराला त्या लिखाणानं हातभार लावला. गंमत म्हणा की दुःख, 'सामना'च्या अग्रलेखांवर कारवाई व्हावी म्हणून माजी मुख्य सचिव जे. बी. डिसूझा कोर्टात गेले होते. मुंबई उच्च न्यायालयानं १९९४ मध्ये याचिका फेटाळली, सर्वोच्च न्यायालयातही पुढे काही झालं नाही. म्हणजे कायद्याच्या घड्याळात ते लिखाण गुन्हा ठरलं नाही. आयोगाच्या घड्याळात ते कारण ठरलं. तुम्ही स्वतः अहवाल वाचा आणि मत बनवा, माझं मत आयोगाच्या बाजूचं आहे.

पण मला त्या अहवालात सगळ्यात जास्त अडवलं ते एका साध्या हिशेबानं. दोन्ही टप्पे मिळून मृत ९००. त्यात मुस्लिम ५७५, हिंदू २७५, ओळख न पटलेले ४५, इतर ५. हे आकडे थोडेफार माहीत असतात. दुसरी विभागणी कोणी सांगत नाही. कशानं मेले? भोसकल्यानं ३४७, जाळपोळीत ९१, जमावाच्या मारहाणीत ८०, खासगी गोळीबारात २२, इतर कारणांनी ४. आणि पोलिसांच्या गोळीबारात ३५६. सगळ्यात मोठा आकडा पोलिसांच्या गोळीचा. 'मुंबई दंगल' म्हटलं की तुमच्या डोळ्यासमोर तलवार येते की पोलिसाची रायफल?

इथं आपल्या बातमीच्या मराठीकडे जरा बघू या, कारण हे सगळं व्याकरणात लपलेलं आहे. जमाव दगडफेक 'करतो'. पोलिसांना गोळीबार 'करावा लागतो'. बघा कसं आहे, एकाच वाक्यात एकाला हौस आणि दुसऱ्याचा नाइलाज! प्रेसनोट पोलिसांनी लिहिलेली असते, त्यामुळे त्यांनी तसं लिहिणं समजू शकतं. पण आम्ही तेच क्रियापद उचलून छापतो आणि आमच्या लक्षातही येत नाही. लाठीमार कायम 'सौम्य' असतो. पाठीवर पडलेल्याला कोणी विचारलंय का सौम्य होता की कसा? मोर्चाला 'हिंसक वळण लागतं', जसं काही घाटातल्या रस्त्याला लागतं. वळवणारा कोणी नसतोच. दगड मारणारे आपल्याला न आवडणाऱ्या बाजूचे असले की 'समाजकंटक', आवडत्या बाजूचे असले की 'संतप्त तरुण'. आणि 'पडसाद उमटले' हा तर आमच्या डेस्कचा लाडका शब्द. पडसाद म्हटला की मूळ आवाज आधी झालेला असणार ना? तो कोणत्या पानावर छापला होता?

खैरलांजी आठवते का? २९ सप्टेंबर २००६, भंडारा जिल्हा. भोतमांगे या दलित कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे गावातल्या जमावानं मारून टाकले. सुरुवातीच्या बातम्या छोट्या होत्या, त्यातही 'अनैतिक संबंधातून' असा सूर होता. एका कुटुंबाची हत्या आणि वर त्या बाईच्या चारित्र्याची चर्चा. मोठ्या वर्तमानपत्रांनी विषय नीट उचलायला महिना गेला. नोव्हेंबरमध्ये विदर्भात लोक रस्त्यावर आले, तेव्हा मात्र कॅमेरे पोचले, आणि यामागे नक्षलवादी असावेत असं तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील म्हणाले. महिनाअखेरीस कानपूरला बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, ३० नोव्हेंबरला उल्हासनगरजवळ डेक्कन क्वीनचे डबे पेटवले गेले. जळणाऱ्या डेक्कन क्वीनचा फोटो देशभर गेला. ज्यांनी पेपर त्या दिवशी पहिल्यांदा उघडला, त्यांच्यासाठी गोष्ट गाडीपासून सुरू झाली. दलित मुलं गाडी जाळतात. का, हे आतल्या पानावर.

गाडी जाळणं बरोबर होतं असं मी म्हणत नाहीये. डब्यातल्या प्रवाशांचा खैरलांजीशी काय संबंध? पण दोन्ही घटनांना मिळालेली जागा शेजारी ठेवून बघा. मेलेल्या चार माणसांपेक्षा जळालेले डबे मोठे होते.

हे फक्त आपल्याकडचंच आहे असंही समजू नका. मुंबई जळत होती त्याच वर्षी, १९९२ च्या एप्रिलअखेर, लॉस एंजेलिस पेटलं होतं. रॉडनी किंग या काळ्या माणसाला मारहाण करणाऱ्या पोलिसांना ज्युरीनं सोडलं आणि २९ एप्रिलला शहर भडकलं. टीव्हीनं दंगल निकालापासून सुरू केली. काळ्या वस्तीची गोष्ट वर्षभर आधी सुरू झाली होती. मार्च १९९१ मध्ये लताशा हार्लिन्स या पंधरा वर्षांच्या मुलीला एका कोरियन दुकानदारीणबाईनं गोळी घातली आणि कोर्टानं त्या बाईला तुरुंगवास दिला नाही. आणि ज्यांची दुकानं लुटली गेली त्या कोरियन लोकांचं म्हणणं तिसरंच. पोलीस गोऱ्यांच्या वस्त्या सांभाळत बसले, आम्हाला वाऱ्यावर सोडलं, आणि टीव्हीनं ती 'काळे विरुद्ध कोरियन' अशी मारामारी करून दाखवली. त्यांच्यात त्या दंगलीला दंगलही म्हणत नाहीत, उठावही नाही. 'सा-ई-गू' म्हणतात. कोरियन भाषेत चार-दोन-नऊ, म्हणजे नुसती तारीख. मला ते नाव फार आवडलं. जी गोष्ट कोणत्याच शब्दात मावत नाही तिला नुसती तारीख द्यायची.

आणि हे सगळं जुनं झालं म्हणाल तर १७ मार्च २०२५ चं नागपूर घ्या. दुपारी महालात औरंगजेबाच्या कबरीविरोधात आंदोलन, प्रतीकात्मक कबर जाळली, त्यावरची चादर पवित्र मजकुराची होती अशी अफवा मोबाईलवरून फिरली, संध्याकाळी दगडफेक आणि जाळपोळ. तुमच्या फोनवर पहिलं नोटिफिकेशन कुठलं आलं होतं, दुपारचं की संध्याकाळचं? माझ्या होस्टेलच्या एकाच खोलीत तिघींच्या फोनवर तीन वेगळ्या वेळांना दंगल सुरू झाली होती. रात्री त्यावरून आमचं भांडण झालं, आणि गंमत म्हणजे तिघी खऱ्याच बोलत होतो.

आता 'दोन गट' या शब्दाबद्दल. मी रागारागात ठरवलं होतं की यावर सणसणीत लिहायचं. दोन गट म्हटलं की दोघं सारखे दिसतात, फोडणारा आणि फुटलेला एकाच तराजूत. शिवाय लपत काहीच नाही. बातमीत पेठेचं नाव असतं, अटक झालेल्यांची यादी असते, वाचणारा बरोबर ओळखतो. मग हा पडदा कोणासाठी?

सरांना विचारलं. त्यांनी प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेतली कलमं काढून दाखवली. दंगलीच्या काळात संयम, भडक मथळे नकोत, मृतांची धर्मनिहाय गणती नको. मग म्हणाले, "शहाण्णव किलोमीटरवरच्या गावात दंगल झाली आणि तू इथं समाजाचं नाव छापलंस, तर इथल्या टपरीवाल्याचं काय होईल सांग." मला उत्तर आलं नाही. तरी एक विचारलं, की नाव नको तर नको, पण सकाळचे अकरा लिहायला काय हरकत होती? वेळेला तर धर्म नसतो. ते म्हणाले, "सकाळचं प्रेसनोटमध्ये नव्हतं ना. तू फोन केला असतास तर आलं असतं." म्हणजे दोष आचारसंहितेचा नव्हता. सव्वानऊ वाजले होते आणि मी एक फोन केला नव्हता. मला तो करायचा असतो हेही माहीत नव्हतं म्हणा, चार सेमिस्टर 'एथिक्स'चे पेपर लिहूनही.

गेल्या रविवारी ती बार्शीला आली होती. स्टँडसमोर चहा घेतला. मी म्हणाले, तुझ्या पप्पांचं दुकान फोडल्याची बातमी करते, नावानिशी, फोटोसकट. मला वाटलं खूश होईल.

"वेडी का काय तू? नाव छापलंस तर परत फोडतील."

मग चहा संपेपर्यंत ती काही बोलली नाही. गाडी लागली तशी उठली, आणि जाता जाता म्हणाली, "पण मग तेव्हा गल्लीचं नाव का छापलं होतंस?"

मी म्हणाले, प्रेसनोटमध्ये होतं.